दोन ओळींत बसवलेलं उत्तर

“हे कोण बोललं?”

एवढं विचारून काका कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि माझ्या खांद्यावरून दुकानाच्या दाराकडे बघायचे. माझ्या कथेतला तो बोलणारा इसम बाहेर झेरॉक्सच्या रांगेत उभा असेल आणि त्याला आत बोलावून खात्री करून घेता येईल, असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असायचा. रांगेत अर्थात भलतीच माणसं असायची. कुणाच्या हातात आधार कार्ड, कुणाच्या हातात आयटीआयचं सर्टिफिकेट, कुणाकडे भाडेकरार. माझा इसम त्यांच्यात कधीच सापडला नाही.

“नायक बोलला, काका,” मी म्हणायचो.

“ते दिसतंय. पण असं बोलणारा माणूस तू बघितलायस का कुठं?”

आकुर्डीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. अशी दुकानं तुम्हीही पाहिली असतील. काचेवर टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन असं लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि आत बसलेल्या माणसाकडे आपण कागद परत घेण्यापुरतंच बघतो. मीही तेवढंच बघितलं असतं. पण मला कथा लिहायची खोड. चाकणच्या एका कंपनीत स्टोअरला नोकरी, दिवसभर नटबोल्टांच्या पेट्या द्यायच्या-घ्यायच्या आणि जाता-येता कंपनीच्या बसमध्ये वहीत कथा लिहायच्या. बसमध्ये काढलेलं अक्षर नंतर माझं मलाही लागायचं नाही. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘कृपया टाइप करून पाठवा’ असं कळवलं, म्हणून मी काकांच्या दुकानाची पायरी चढलो.

पहिलीच कथा त्यांनी मधे मधे जागा सोडून टाइप केली. निवेदन सगळं होतं. संवादांच्या जागी मात्र नुसती अवतरणचिन्हं होती आणि त्यांच्या आत काही नव्हतं. मी चिडलो. ते शांतपणे म्हणाले, की जे कुणी बोललंच नाही ते मी टाइप करत नाही, एकदा केलंय, आता नाही. मला वाटलं, म्हातारा विक्षिप्त आहे. त्याच रस्त्यावर टायपिंगची आणखी तीन दुकानं होती आणि तिथे जायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण घरी जाऊन ते कागद वाचले तेव्हा लक्षात आलं, की एकही संवाद नसताना माझी कथा पहिल्यापेक्षा बरी कळत होती. हे कुठल्याही लेखकाला झोंबेल. मला चांगलंच झोंबलं आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्यांच्याच दुकानात गेलो.

त्यांची शिकवायची एक पद्धत होती, आणि ती ऐकून तुम्ही हसाल. शेजारच्या गाडीवरून ते वडापाव मागवायचे, मला मोठा घास घ्यायला लावायचे आणि म्हणायचे, आता तुझा संवाद वाच. माझा नायक पत्नीला म्हणत होता, की आपल्या दोघांमधलं हे अंतर आता कधीच मिटणार नाही असं मला वाटू लागलं आहे. अर्ध्या वाक्यात ठसका लागला. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली. आपल्याकडची माणसं डबा खाताना बोलतात, बस पकडताना बोलतात, मशीन चालू असताना ओरडून बोलतात, असं त्यांचं म्हणणं. घास तोंडात असताना जे म्हणता येत नाही ते आपल्या भागात कुणी म्हणत नाही. त्या दिवशी माझ्या नायकाचं ते वाक्य गेलं आणि त्याच्या जागी “तुझं जेवण झालं?” एवढंच राहिलं. ते दोघं एकमेकांपासून किती लांब गेलेत हे त्यात जास्त दिसत होतं.

दुसरं त्यांचं पालुपद असं, की माणूस विचारलेल्याचं उत्तर देत नाही. उशीर का झाला विचारलं तर तो ट्रॅफिकचं सांगत नाही, तुम्ही सकाळी काय बोललात ते काढतो. मी एकदा बाप-लेकाच्या भांडणाचा प्रसंग लिहिला होता. बाप पानभर बोलत होता. काकांनी मला विचारलं, तुझे वडील रागावले की काय म्हणायचे? मी आठवून सांगितलं, की काही म्हणायचे नाहीत, उठून पंखा बंद करायचे. उन्हाळ्यातसुद्धा. काका बराच वेळ हसले आणि म्हणाले, मग तो पानभर बोलणारा बाप तू कुणाचा आणलास? मीही हसलो, पण घरी जाताना वडील गेल्यानंतर पहिल्यांदा मला त्यांच्यासाठी रडू आलं.

काकी पूर्वीच वारल्या होत्या. एकुलती मुलगी मारुंजीला राहायची, हिंजवडीत आयटीत होती. दुकान बंद करून तिच्याकडे राहायला या म्हणून ती मागे लागलेली. ते जायचे नाहीत. तिथं चौदाव्या मजल्यावर कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, ही त्यांची तक्रार. आकुर्डीत दुकानात बसल्या बसल्या त्यांना अख्ख्या औद्योगिक पट्ट्याची भाषा ऐकायला मिळायची. लातूरचा माणूस कुठे थांबतो, कोकणातला शब्द कसा ओढतो, जुने गाववाले ‘व्हय’ म्हणताना मान कुठल्या बाजूला करतात, हे ते हुबेहूब करून दाखवायचे. एवढा कान असलेला माणूस स्वतः एक ओळ लिहीत नाही, याचं मला नवल वाटायचं. विचारलं तर म्हणायचे, माझं लिहून झालंय.

मग मी ती कथा नेली.

कंपनीत एखाद्या कामगारावर आरोप ठेवला की खात्यांतर्गत चौकशी होते, तिच्यावर ती कथा होती. एक चौकशी अधिकारी, समोर कामगार, बाजूला टाइप करणारा. माझ्या कथेत शेवटी कामगार म्हणतो, “होय, मला माझी चूक मान्य आहे.” मी कागद देऊन बाकावर बसलो आणि काका कुठे हात उचलतात त्याची वाट बघू लागलो. त्यांनी एकदाही हात उचलले नाहीत. अख्खी कथा सलग टाइप केली, छापली, टाचणी लावून माझ्या हातात दिली. मला केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू. वाटलं, जमलं एकदाचं.

काकांनी उठून भरदुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. परत येऊन बसले आणि म्हणाले, “असं कुणी बोलत नाही. हे मला माहीत आहे, कारण असलं एक वाक्य मीच लिहिलंय.”

सोळा वर्षांपूर्वी ते दुकान चालवत नव्हते. कंपन्यांच्या चौकश्या घेणाऱ्या एका वकिलांबरोबर टायपिंगला जायचे. प्रश्न टाइप करायचा, उत्तर टाइप करायचं, शेवटी सही घ्यायची. कामगार पाल्हाळ लावायचे आणि काका ते नेमक्या मराठीत आणायचे. वकील चारचौघांत कौतुक करायचे, की यांच्यासारखं दोन ओळींत बसवणं कुणाला जमत नाही. त्या कौतुकाची आपल्याला चटक लागली होती, हे काकांनी मला सरळ सांगितलं.

एके दिवशी सोपान नावाचा एक कामगार समोर आला. बीडकडचा होता, दोन महिन्यांत नोकरीत कायम होणार होता. जेवणाच्या सुट्टीत तो सुपरवायझरच्या अंगावर धावून गेला, असा आरोप होता. प्रश्न विचारला. सोपान बोलायला लागला. राग आला होता एवढं काकांनी ऐकलं आणि त्यांची बोटं पुढे गेली. त्यांनी लिहिलं, “होय. मला राग आला व मी सुपरवायझर यांच्या अंगावर धावून गेलो.” सोपान त्यानंतरही बोलत होता. काकांचं टाइप करून झालं होतं. वकिलांनी वाचलं, मान डोलावली. काकांनी सोपानला कागद दिला आणि वाचून सही कर म्हणून सांगितलं. तो म्हणाला, तुमी लिवलंय ना साहेब, मग बरोबरच असंल.

सोपानच्या बडतर्फीचा आदेश पुढे काकांनीच टाइप केला. आरोपीने स्वतः कबुली दिली आहे, असं म्हणून त्यात त्यांचं ते वाक्य जसंच्या तसं घातलं होतं. आपण काय लिहिलं होतं, ते काकांना तेव्हा कळलं. त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. पुढच्या चौकशीला गेले, त्याच्या पुढच्या चौकशीला गेले, आणि वर्षाच्या आत ते काम सोडून त्यांनी दुकान टाकलं.

मी विचारलं, मग आज का सांगताय? तर म्हणाले, गेल्या आठवड्यात सोपानच्या जुन्या कंपनीतला एक जण झेरॉक्सला आला होता. सोपान कुरुळीत राहतो, कुठल्याशा वर्कशॉपच्या गेटवर सिक्युरिटीला आहे. त्याची बायको अजून त्याला टोचते, की धावून गेलात ते गेलात, पण तोंडानं कबूल का केलंत. आणि तो ऐकून घेतो, कारण आपण कबूल केलं असंच त्यालाही वाटतं.

“मला जायचंय त्याच्याकडे,” काका म्हणाले. “काय बोलू, ते लिहून दे.”

इतकी वर्षं माझे संवाद खोडणारा माणूस मला संवाद मागत होता. मी चार वेळा लिहून आणला. पहिल्यात पश्चात्ताप हा शब्द होता, तो बघून त्यांनी कागद परतच केला. दुसरा म्हणे भाषण झालं. तिसऱ्यात मी त्यांची बाजू फार मांडली होती. चौथा कागद त्यांनी बराच वेळ हातात धरला, घडी करून खिशात ठेवला आणि गुरुवारी सुट्टी आहे ना तुला, एवढंच विचारलं.

गुरुवारी सकाळी माझ्या गाडीवरून आम्ही कुरुळीला गेलो. एका ओळीत दहा खोल्या होत्या, शेवटची सोपानची. दुपारच्या ड्युटीवर जायचं म्हणून तो दारात बसून बुटांना पॉलिश करत होता. आत बायको तांदूळ निवडत होती. सोपाननं काकांना ओळखलं. टायपिंगवाले साहेब ना, म्हणत उठला आणि खुर्ची पुसून दिली. काका बसले नाहीत. खिशातला कागदही त्यांनी काढला नाही.

“सोपान, त्या कागदावर जे आहे ते तू बोलला नव्हतास. ते मी लिहिलं.”

सोपानला कळलं नाही. तो म्हणाला, त्याच्यावर माझी सही हाय की. काकांनी सांगितलं, सही तुझी आहे, बोलणं माझं आहे. सोपान हातातल्या ब्रशकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, “मग मी काय बोललो होतो?”

तो खरंच विचारत होता. मी त्याच्याकडे बघत होतो म्हणून सांगतो, त्याच्या विचारण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्याला आठवत नव्हतं. सोळा वर्षं कागदानं एक सांगितलं, नातेवाइकांनी तेच सांगितलं, घरात तेच ऐकलं, आणि त्याचं स्वतःचं बोलणं त्याच्याजवळ राहिलं नाही.

काकांनी हात खाली सोडले आणि सांगितलं. त्यांचा आवाज त्यांचा राहिला नव्हता.

“राग आलता साहेब. आला नाही असं कसं म्हणू. पण मी उठलो नाही. मांडीवर डबा होता माझ्या. बायकोनं शेंगदाण्याची चटणी दिलती, झाकण ढिलं होतं, सांडंल म्हणून मी उठलोच नाही. तेच आले माझ्यापशी. मी बसलेलाच होतो.”

आत सुपातले हात थांबले होते. सोपानची बायको उठून दारात आली. काकांना म्हणाली, “परत एकदा म्हणा.”

काकांनी परत सांगितलं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. ती काकांकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती.

“मला कधी सांगितलं नाही तुमी हे.”

“मला तरी कुठं याद होतं,” सोपान म्हणाला. “कागदावर तसं होतं. वाटलं, बोललो असंल.”

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा पाण्याचे दोन ग्लास घेऊन आली आणि तिचा चेहरा ओला होता. आम्ही उभ्या उभ्या पाणी प्यालो. सोपाननं बूट बाजूला ठेवले आणि पहिल्यांदा काकांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

“इतकी वर्षं हे तुमच्यापशी होतं?”

“होतं,” काका म्हणाले.

सोपाननं बूट पुन्हा जवळ ओढले. निघताना त्याची बायको म्हणाली, की तेवढं कागदावर द्या, खोटं कागदावर होतं तर खरंपण कागदावर पायजे. पुढच्या गुरुवारी आणून देतो, असं काकांनी कबूल केलं.

येताना ते माझ्या मागे बसले होते. मोशीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा माझ्या कानाजवळ म्हणाले, “माफी मागायची राहिली रे.” परत फिरू का म्हणून मी विचारलं. नको म्हणाले. गुरुवारी जायचंच आहे, तेव्हा मागू.

सोमवारी सकाळी काका गेले. शटर उघडायला वाकले ते उठलेच नाहीत. माणसांच्या बोलण्यातला खोटेपणा ज्यांना लांबून कळायचा, त्यांच्या अंत्यविधीला लोक नेहमीचंच बोलत होते, की चालता-बोलता गेले, सोनं झालं. मला ते ऐकवेना. मी लांब जाऊन उभा राहिलो. एवढं पोरकं मला वडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

बुधवारी त्यांच्या मुलीनं दुकान उघडलं. लोकांचे कागद परत द्यायचे होते, म्हणून मला मदतीला बोलावलं. कॉम्प्युटरवर सोपानच्या नावाची एक फाइल होती. चौकशीच्या कागदाची तीच जुनी मांडणी. वर प्रश्न पूर्ण लिहिला होता. त्याच्याखाली ‘उत्तर’ असा शब्द होता आणि पुढे काही नव्हतं. तळाला उजवीकडे ‘लिहून घेणार’ असं होतं, तिथंही रिकामं. मुलीनं विचारलं, बाबांचं हे काय राहिलंय? दुसऱ्या कुणाचं काम मधे आलं म्हणून फाइल तशीच राहिली, की उत्तरापाशी आल्यावर त्यांचे हात पुढे गेले नाहीत, ते आता कोण सांगणार. मी तो कागद छापून घेतला.

गुरुवारी एकटाच कुरुळीला गेलो. काका गेल्याचं सांगितलं. सोपान खाली बसला. त्याची बायको आत गेली, परत आली आणि विचारू लागली, की ते लिहून आणणार होते, त्याचं काय झालं? मी कागद दाखवला. म्हटलं, उत्तर मी लिहितो, मी तिथं होतोच की.

लिहायला बसलो आणि घाबरलो. राग आला होता, उठलो नाही, डबा होता, हे सगळं ध्यानात होतं. पण आधी काय आणि नंतर काय, चटणी कुठल्या वाक्यात आली, याची खात्री नव्हती. मी लेखक, माझ्यासमोर ते दोनदा बोललं गेलं होतं. माझं पेन नीटनेटकं वाक्य बनवायला निघालं होतं आणि ते बघून मला माझी भीती वाटली.

“मी सांगते,” ती म्हणाली. “तुमी लिवा.”

तिनं पहिल्यापासून सांगितलं. एक एक शब्द, त्याच क्रमानं, मी लिहून होईपर्यंत थांबत. ‘पण मी उठलो नाही’ यापाशी म्हणाली, हितं साहेब जरा थांबले होते. मी जागा सोडली. मग डबा, चटणी, ढिलं झाकण. ते सांगताना ती नवऱ्याकडे बघत होती आणि तो जमिनीकडे.

लिहून झाल्यावर मी ते वाचून दाखवलं. सोपाननं कागद मागून घेतला आणि ओठ हलवत पुन्हा सगळा वाचला. खाली बोट ठेवून विचारलं, हितं काय? मी सांगितलं, तिथं लिहून घेणाऱ्याचं नाव घालतात. कागद घेऊन मी माझं नाव लिहायला लागलो, तर त्यानं माझा हात धरला.

“तुमचं नको,” सोपान म्हणाला. “त्यांचं टाका.”

मी काकांचं नाव लिहिलं. पूर्ण, त्यांच्या वडिलांच्या नावासकट.